बोर्ड जीपला लावा

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं आणि ते आमच्या शाळेच्या मैदानातला खो-खोचा खांब दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत होते. धोतर, पांढरा सदरा, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा आणि वर ते कारखान्यातलं हेल्मेट. मला वाटलं, कुणी म्हातारबाबा वाट चुकून आलेत. मी व्हरांड्यातूनच ओरडले, "ओ बाबा, सोडा तो खांब! सकाळीच सिमेंट भरलंय!"

त्यांनी खांब सोडला, हात झटकले आणि शांतपणे म्हणाले, "भरलंय, पण कमी भरलंय. एखादी दांडगी पोरगी फिरली तर हातात यील." एवढं बोलून फाटकाबाहेर गेलेसुद्धा. नाव नाही, गाव नाही, चहा नाही. मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द ऐकवले. आणि दुसऱ्या दिवशी सरावाला आमची प्रतीक्षा खांबाला वळसा घालायला गेली, तर खांब खरंच आडवा झाला.

हेच ते कंपनीच्या ट्रस्टच्या कमिटीवरचे मामा, हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कारण त्याच ट्रस्टकडे मी खो-खोच्या मॅटसाठी अर्ज केला होता.

आधी मामा कमिटीवर कसे आले ते सांगते, नाहीतर हेल्मेटचा उलगडा व्हायचा नाही. आमच्या शिरूर तालुक्यात एमआयडीसी झाली तेव्हा त्यांची पिढीजात जमीन तिच्यात गेली. घराणं धनगराचं. वडील मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायचे, मामांनीही तरुणपणी चार-दोन हिवाळे तसे काढले, मग विहीर पाडून शेतीला लागले. त्या जमिनीवर जी कंपनी उभी राहिली तिनं भूमिपूजनाला सगळ्या पाहुण्यांना हेल्मेटं घालून फोटो काढले. फोटो झाल्यावर सगळ्यांनी हेल्मेटं परत दिली. मामांनी दिलं नाही. साहेब मागायला आले तर म्हणाले, "माझी जमीन तुम्ही घेतली, तुमची टोपी मी घेतली. फिट्टमफाट!" तेव्हापासून चारचौघांत जायचं म्हटलं की ते हेल्मेट डोक्यावर. लग्नालासुद्धा. एका वरमाईनं हळूच सुचवलं की फेटा बांधा की मामा, तर तिला म्हणाले, "मांडव पडला तर फेटा काय कामाचा?"

पुढं कंपनीनं सीएसआरचा ट्रस्ट काढला. आसपासच्या गावांतली मंडळं, शाळा, तालमी, अभ्यासिका यांना मदत द्यायची. कमिटीवर एक माणूस स्थानिक हवा, म्हणून मामांना घेतलं. घेणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. म्हातारा महिन्यातून एकदा येईल, दोन बिस्किटं खाईल, सही ठोकेल आणि जाईल. मामांनी बिस्किटं खाल्ली, सहीही शिकून घेतली, पण सही करायच्या आधी म्हणाले, "मी जाऊन बगून येतो." आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं सगळ्यांना नुसतं पळवलं.

ते कधी सांगून आले नाहीत. एसटीतून उतरायचे आणि चालत यायचे. कंपनीची गाडी घ्यायचे नाहीत, कारण गाडी लांबून दिसते. अर्ज त्यांना वाचता यायचे की नाही ठाऊक नाही, पण वाचायचे नाहीत. समोरच्याला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि मध्येच थांबवायचे. एकदा एका मंडळाचा अध्यक्ष "ग्रामीण युवकांचा सर्वांगीण विकास" असं घडाघडा वाचत होता. मामांनी हात वर केला.

"कंच्या अंगापासून सुरवात करणार?"

अध्यक्ष परत अर्जात बघायला लागला.

"न्हाई म्हंजी, उद्या सकाळी उठून पहिलं काय करणार, ते सांग. इकास दुपारी करू."

अर्ज तिथंच बारगळला. ते म्हणायचे, "अर्ज म्हंजी मेंढराचं तोंड. तोंड समद्यांचंच गरीब आसतं. मला पाय दावा."

सत्काराचा त्यांना मनस्वी तिटकारा. आपल्याकडं कुणी पाहुणा आला की शाल, श्रीफळ आणि फोटो याशिवाय पुढं सरकतच नाही. मामांच्या हातात नारळ पडला की ते खाली वाकून जो दगड सापडेल त्याच्यावर तो फोडायचे, जागच्या जागी, आणि खोबरं पोरांना वाटून टाकायचे. निवेदक बिचारा "आता मान्यवरांचं मनोगत" म्हणेपर्यंत मान्यवर तोंडात खोबरं घालून उकिडवे बसलेले असायचे. शाल पहिल्या ओळीतल्या म्हातारीच्या अंगावर. दौंडकडं, कासुर्डीच्या बाजूला, एका मंडळानं तर कहर केला. मदत मंजूर व्हायच्या आधीच आभाराचा फ्लेक्स लावला. बस झाकली जाईल एवढा मोठा. त्यावर मामांचा हेल्मेट घातलेला फोटो, खाली 'आधारस्तंभ', आणि बाजूला मंडळाच्या तीसएक पोरांचे गॉगल लावलेले चेहरे. मामांनी तो पाच मिनिटं निरखून पाहिला. म्हणाले, "झकास झालाय. सोडा खाली." पोरांना वाटलं, बहुतेक आणखी उंच लावायचाय. त्यांनी सोडला. मामांनी त्याची नीट घडी घातली, बगलेत मारली आणि म्हणाले, "वैरण झाकायला झाला. मदत न्हाई मिळायची. ज्यानी न घेताच आभार मानलं, त्याला देऊन काय करू?"

मी पुढं एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा कडब्याच्या गंजीवर तो फ्लेक्स होता. फोटोतल्या मामांच्या तोंडावर शेळी उभी राहून कडबा ओढत होती आणि मामा शेजारी बसून बिडी ओढत होते. मी हसू दाबायला गेले आणि ठसकाच लागला.

केंदूरच्या अलीकडं एका गावात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होती. त्यांना टेबलं आणि एसी हवा होता. मामा सकाळी जाऊन कोपऱ्यात बसले ते दुपारपर्यंत हलले नाहीत. कुणाशी बोलले नाहीत, हेल्मेट मांडीवर. जेवायच्या वेळेला उठले आणि दारातल्या पायरीवर बसून अभ्यास करणाऱ्या दोन मुलींना विचारलं, "तुमी आत का न्हाई?" त्या आधी लाजल्या, मग एकीनं सांगितलं की इथं बायकांची सोय नाही, त्यामुळे दोन-तीन तासांत घरी पळावं लागतं, आणि घरी गेलं की परत कोण सोडतंय! त्या अभ्यासिकेला एसी मिळाला नाही. संडास मिळाला. पोरं चिडली, संडासासाठी कुणी अर्ज केला होता म्हणाली. मामा म्हणाले, "ज्यांनी केला न्हाई त्यांनीच."

हे सगळं मी नंतर ऐकलं. तेव्हा ऐकलं असतं तर मी जे केलं ते केलं नसतं.

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत, आणि मी रेल्वेच्या क्वार्टर्समागच्या मोकळ्या जागेत खो-खो खेळून मोठी झाले. कॉलेजात असताना राज्य स्पर्धेपर्यंत गेले. मातीवर मला कुणी धरू शकत नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पण तिथं सामने मॅटवर होते. आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला, पहिल्याच पाळीत सूर मारला आणि घसरत गेले ती थेट रेषेबाहेर. आमचा संघ हरला. कुणी मला बोललं नाही, पण ते न बोलणं फार लागलं. पुढं कवठे येमाईच्या पल्याडच्या एका गावात शाळेवर क्रीडाशिक्षिका म्हणून लागले, मुलींचा संघ बांधला, आणि तेव्हापासून एकच ध्यास: माझ्या पोरींना मॅट मिळालीच पाहिजे. मॅटची किंमत ऐकून शाळेनं हात वर केले. म्हणून ट्रस्टकडं अर्ज.

खो-खोत मैदानात नऊजणी असतात, पण संघाच्या यादीत पंधरा. माझ्याकडं पावसाळ्यात चांगल्या पंधरा होत्या. मामा त्या पहिल्या फेरीत, खांब हलवायच्या आदल्या दिवशी म्हणे, कुंपणाबाहेर उभं राहून अख्खा सराव बघून गेले होते. मला पत्ताही नव्हता.

दिवाळीनंतर मात्र सहा पोरी गळाल्या. कारण बिबट्या. आमच्याकडं उसात बिबटे असतात हे काही नवं नाही, लोक त्याला वाघच म्हणतात. पण त्या वर्षी त्यानं शाळेपासून तीनएक किलोमीटरवरच्या वस्तीच्या वाटेवर दिवसाढवळ्या कालवड नेली. त्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस. शाळा सुटल्या सुटल्या पोरी घोळक्यानं घरी जायच्या, ते ठीक होतं. सरावाला थांबलं की निघायला सहा, आणि थंडीच्या दिवसांत सहा म्हणजे दिवस मावळायला आलाच. त्या वस्तीवरच्या सहाच्या सहा सरावाला यायच्या बंद झाल्या. त्यात प्रतीक्षा होती. डाव्या पायावर खांब घेणारी, माझ्या अख्ख्या संघाचा कणा.

आणि त्याच सुमारास निरोप आला की कमिटीचे मामा कधीही येतील, संघ तयार ठेवा.

आता मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. नववीच्या वर्गातल्या सहा पोरी उचलल्या, त्यांना संघाचे टी-शर्ट चढवले, पाटीत म्हणजे दोन खांबांमधल्या रांगेत बसायला शिकवलं आणि यादीत नावं जुनीच ठेवली. मनात म्हटलं, मैदानात नऊच पळतात, बाकीच्या बाजूला बसतात. बसलेल्या पोरी कोण ओळखतंय!

मामा आले. पोरी रांगेत उभ्या होत्या. मामा हेल्मेट काढून हातात घेऊन त्या रांगेसमोरून एकदा गेले, परत आले. मुख्याध्यापक म्हणाले, "मोजा मामा, बरोबर पंधरा आहेत."

"मोजत न्हाई मी," मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बाई, ती डाव्या पायानं खांब घेणारी कुठं हाय?"

मी हातातली यादीच चाळायला लागले.

"आन् कानात लाल खडा आसलेली? आन् दोघी बहिणी, एकीनं मारल्यावानी करायचं आन् दुसरीनं हसायचं, त्या? पळताना जीभ बाहेर काढणारी बारकी? आन् ती उंच, जिला तुमी सारखं 'वाक, वाक' म्हणत व्हता?"

नाव एकीचंही माहीत नव्हतं त्यांना. पण सहाच्या सहा बरोबर काढल्या. नववीच्या पोरी टी-शर्टाची टोकं ओढत खाली बघत राहिल्या. मुख्याध्यापक चहा सांगायला म्हणून सटकले ते आलेच नाहीत.

"मेंढरं मोजून कळत न्हाईत, बाई," मामा म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "मोजली तर बरोबर भरत्यात. दुसऱ्याचं शिरलेलं आसलं तरी बरोबरच भरत्यात. कोण न्हाई ते बगावं लागतं."

मी उलट भडकले. चूक आपली असली की माणूस जास्त भडकतो. म्हणाले, "मामा, मॅट आली असती तर पोरी टिकल्या असत्या! चांगल्या सोयी नाहीत म्हणून गळतात!"

"त्या सा जणी आसं म्हणल्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मला कळतं."

"मॅट पोरींना पायजे का तुमाला पायजे?"

मला असा राग आला की विचारू नका. डोळ्यांत पाणी आलं ते रागानंच, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं. मामांनी माझा अर्ज खिशातून काढला, फाडला नाही, माझ्या हातात ठेवला. "ही खोटी यादी मी कुणाला सांगायचो न्हाई. पण तुमी त्या सा जणींच्या घरी जाऊन या. काय म्हणत्यात ते ऐका आन् मग मला सांगा."

स्कूटीवरून त्या वाटेनं निघाले तेव्हा दुपार होती, तरी उसाच्या मधल्या पट्ट्यात माझा हात आपोआप हॉर्नवर गेला आणि तो वस्ती येईपर्यंत तिथंच राहिला. पाच घरं हिंडले, दोघी बहिणींचं एकच. सगळीकडं चहा मिळाला, सगळीकडं मान मिळाला, आणि सगळीकडं एकच प्रश्न मिळाला: परत आणणार कोण? प्रतीक्षाची आई कांदे काढून नुकतीच आली होती, हात मातीचे. मी तिला मॅटचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, ती तुमची मॅट काय वाघाला आडवी घालायची व्हय?"

प्रतीक्षा दारात उभी होती. मी निघाले तशी तिनं चुलीमागून टी-शर्ट काढून आणला आणि धुऊन घडी केलेला माझ्या हातात दिला. "दुसरीला द्या," म्हणाली. तिचे वडील म्हणत होते की दहावीला तिला मावशीकडं चाकणला पाठवायची. तिथं कुठला आलाय खो-खो! परत येताना मी स्कूटी मध्येच थांबवली नाही, थांबवायची हिंमतच नव्हती. शाळेच्या फाटकात आल्यावर मात्र टी-शर्ट मांडीवर घेऊन बसले आणि रडले. या वेळी राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी गेले. मॅट खोडली आणि पोरींना घरी सोडायला जीप, असं लिहिलं. मामांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. एकदाही थांबवलं नाही.

पण कमिटीत घोडं अडलं. ट्रस्टचं काम बघायला पुण्याहून एक मॅडम यायच्या. बाई मनानं चांगली, पण नियमात अडकलेली. त्या म्हणाल्या, "मामा, जीपचं भाडं हा चालू खर्च झाला. आम्हाला वस्तू देता येते. वर्षभरानं कुणी बघायला आलं तर दाखवता आली पाहिजे, तिच्यावर ट्रस्टचा बोर्ड लावता आला पाहिजे."

"बोर्ड जीपला लावा," मामा म्हणाले.

"अहो, जीप आपली नाही ना."

"मग पोरींना लावा. त्या बी आपल्या न्हाईत, पण हायेत तर खऱ्या."

कंपनीचे हिशेबनीस साहेब हसले आणि पुढचा विषय घ्या म्हणाले. मामा हसले नाहीत. त्यांनी सही केली नाही. त्या बैठकीत कुठल्याच कागदावर केली नाही. दुसऱ्या वेळीही नाही. स्थानिक सभासदाच्या सहीशिवाय एकही मदत पुढं सरकेना, तालुक्यातली सगळी मंडळं मामांच्या नावानं बोटं मोडायला लागली. मला फोन यायचे, "तुमच्या एका जीपपायी आमचं अडलंय." मी घाबरून मामांना म्हटलं, जाऊ द्या, नको जीप. तर माझ्यावरच डाफरले, "तुमी कशाला मागं सरता? मागितलंय ना? मग मागत ऱ्हावा."

शेवटी मॅडमनी विचारलं, मामा, तुमचं म्हणणं तरी काय? मामा म्हणाले, "पुढली मीटिंग शाळेत घ्या. पाच वाजता. यवढंच."

जानेवारीतला दिवस होता. मॅडम आल्या, हिशेबनीस साहेब आले चकचकीत बूट घालून, आणखी दोघं आले. वर्गात बाकांवर बसून मीटिंग झाली, चहा झाला. निघायला सहा वाजले. बाहेर येऊन बघतात तर गाड्या नाहीत.

"गाड्या वस्तीवर पाठवल्यात, डांबरी सडकेनं लांबून," मामा म्हणाले. "आपण जवळच्या वाटंनं जाऊ. पोरी हायेत संगं."

प्रतीक्षा आणि बाकीच्या पाचजणींना मी त्या दिवसापुरतं थांबवून घेतलं होतं. तिच्या आईला शब्द दिला होता की मी स्वतः आणून सोडते. साहेबांनी घड्याळ बघितलं, मॅडमनी आपल्या सँडल बघितल्या. पण पोरी दप्तरं अडकवून पुढं निघाल्या होत्या आणि त्यांच्यासमोर नको कसं म्हणणार!

पहिला अर्धा किलोमीटर साहेब फोनवर बोलत होते. मग ऊस सुरू झाला, दोन्ही बाजूंनी, डोक्याच्या वर, आणि फोनची रेंज गेली. आकाश अजून उजळ होतं, पण वाटेवर सावली होती. पोरी पटापट जवळ आल्या, बारकीला मध्ये घेतली. एकीनं डब्याचं झाकण चमच्यानं वाजवायला सुरुवात केली, बाकीच्या मोठमोठ्यानं बोलायला लागल्या, काहीही, भाजी काय होती, गणिताचे सर कसे चालतात. मोठी माणसं मात्र गप्प झाली. डावीकडं पाचटात काहीतरी खसफसलं. मुंगूस असेल, घूस असेल. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

प्रतीक्षा मागं वळून म्हणाली, "सर, गप बसू नका. बोलत राहावा. माणसं गप झाली की तो ऐकतो."

"काय बोलू?" साहेब म्हणाले. आवाज पार चिरका झाला होता.

"काहीबी बोला."

आणि कंपनीचे हिशेबनीस साहेब मोठ्यानं पाढे म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार. पोरींना हसू फुटलं, मग त्याही सुरात सूर मिळवून म्हणायला लागल्या. बाराचा पाढा आला तेव्हा वस्तीचे पत्रे दिसले. मामा अख्ख्या वाटेत हेल्मेट घालून सगळ्यात मागं चालत होते.

वस्तीच्या तोंडाशी प्रतीक्षाची आई काठी घेऊन उभी होती. तिनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, एकेका पोरीकडं बघितलं, सहावी दिसल्यावर काठी खाली ठेवली. मग साहेबांना पाणी आणून दिलं. साहेबांनी तांब्या वर धरून एका दमात रिकामा केला, बूट चिखलानं माखलेले, आणि तोंड पुसत कुणाकडं न बघता विचारलं, "एका जीपमध्ये किती मुली बसतात?"

जीप मंजूर झाली, एका वर्षासाठी, 'प्रायोगिक' म्हणून. तिच्या मागच्या काचेवर ट्रस्टचा बोर्ड लागला, मामांनी स्वतः उभं राहून लावून घेतला. पोरी परत आल्या. प्रतीक्षाचा टी-शर्ट मी तिला परत दिला तेव्हा तिनं तो तिथल्या तिथं गणवेशावर चढवला आणि मैदानात पळाली. चाकणचं नाव घरात कुणी परत काढलं नाही.

आणि फेब्रुवारीत आम्ही एका निमंत्रित स्पर्धेला गेलो. सामने मॅटवर. माझ्या पोरी पहिल्याच सामन्यात सपाटून हरल्या. घसरल्या, धडपडल्या, प्रतीक्षाचा डावा पाय खांबापाशी निसटला तो मला बघवला नाही. माझंच जुनं दुखणं पंधरा वेळा डोळ्यांसमोर घडत होतं. परतताना जीपनं आधी बाकीच्या नऊजणींना घरी सोडलं.

दिवस मावळायच्या बेताला वस्तीवर पोहोचलो. मामा तिथं येऊन बसले होते, कुणी सांगितलं होतं देव जाणे. त्यांना बघितलं आणि माझा बांधच फुटला. "हरलो, मामा! पहिल्याच सामन्यात! मी सांगत होते तुम्हाला, घसा फोडून सांगत होते, मॅटशिवाय काही खरं नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. बघा काय झालं!"

मामांनी सगळं ऐकून घेतलं. पोरी उतरून आपापल्या घराकडं निघाल्या होत्या, त्यांच्याकडं एक नजर टाकली.

"नेल्या किती व्हत्या?"

"पंधरा."

"आणल्या किती?"

"पंधरा. पण मामा, त्याचा इथं काय..."

"मग आता लिवा."

"काय लिहू?"

"मॅटचा अर्ज. आता तिच्यावर पळायला पोरी हायेत."

माझा राग पुरता उतरलाही नव्हता. पण मागं सरणाऱ्यांतली मी नाही, आणि ते मामांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. पर्समधून वही काढली, जीपच्या गरम बॉनेटवर ठेवली आणि उभ्या उभ्या पहिली ओळ लिहिली: आमच्या संघात पंधरा मुली आहेत.